तगलेल्यांच्या सत्यकथा कशा वाचाव्यात, कशा पाहाव्यात

लावलेले रोप पंधरा-वीस दिवसांनी मान न टाकता उभे दिसले, की शेतकरी ‘रोप तगले’ असे म्हणतो. ‘रोप जिंकले’ असे तो कधी म्हणत नाही. अपघात, हिमवादळ, युद्ध किंवा कैद यांतून वाचलेल्या माणसांच्या सत्यकथा वाचताना हा फरक मनाशी ठेवला तर अर्धे काम झाले असे समजावे. या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आणि चित्रपटांच्या जाहिरातींत ‘मृत्यूवर मात’, ‘जिद्दीचा विजय’ असे शब्द छापलेले असतात. ते वाचून आत शिरलेला वाचक शेवटपर्यंत विजयच शोधत राहतो. आतल्या पानांत मात्र पाणी कसे मिळवले, झोपायच्या जागा कशा वाटून घेतल्या, कोणाच्या चुकीची किंमत कोणी मोजली आणि कोण मागे राहिले, एवढेच असते, आणि खरे मोल त्याचेच असते. ते हाती लागावे म्हणून वाचनाची एक पद्धत येथे मांडली आहे. अनेक कथांचा धावता आढावा घेण्यापेक्षा एकच घटना जवळून पाहणे अधिक उपयोगी ठरेल, म्हणून १९७२ सालच्या अँडीज पर्वतातील विमान अपघाताचा आधार घेतला आहे. पन्नास वर्षांत त्या एका घटनेची इतकी कथने झाली आहेत की सत्यकथा कशी घडते आणि कशी बदलते, हे शिकण्यासाठी त्याहून चांगला धडा मिळणे अवघड आहे.

आधी वहीचे एक पान आणि एक नकाशा

पुस्तक उघडण्यापूर्वी घटनेचा सांगाडा वहीच्या एका पानावर उतरवून घ्यावा. त्यात तारखा, ठिकाणे आणि माणसांचा हिशेब असावा, विशेषणे नसावीत. अँडीजच्या बाबतीत ते पान साधारण असे होते. उरुग्वेच्या हवाई दलाचे फेअरचाइल्ड बनावटीचे विमान १२ ऑक्टोबर १९७२ रोजी माँटेव्हिडिओहून चिलीतील सांतियागोकडे निघाले. त्यात ओल्ड ख्रिश्चन्स क्लब या रग्बी संघाचे खेळाडू, त्यांचे मित्र व नातेवाईक, इतर काही प्रवासी आणि पाच कर्मचारी मिळून ४५ जण होते. खराब हवामानामुळे अर्जेंटिनातील मेंदोसा येथे रात्रीचा मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी १३ तारखेला, प्रवास पुन्हा सुरू झाल्यावर विमान डोंगराला धडकून तुटले आणि त्याचा पुढचा भाग बर्फाच्या उतारावरून घसरत जाऊन थांबला. अपघातातच १२ जण गेले, पहिली रात्र सरेपर्यंत आणखी पाच, आठव्या दिवशी एक, २९ ऑक्टोबरच्या हिमस्खलनात आठ आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तीन. उरले १६. त्यांना २२ आणि २३ डिसेंबर रोजी हेलिकॉप्टरने बाहेर काढले. तोवर ७२ दिवस लोटले होते.

ही बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहावी. कोरडी वाटली तरी पुढे प्रत्येक कथन याच पानावर ठेवून तपासता येते. एखाद्या चित्रपटात हिमस्खलनाचा प्रसंग दोन मिनिटांत उरकला, तर त्या दोन मिनिटांत आठ माणसे गेली आणि उरलेले लोक बर्फाखाली गाडल्या गेलेल्या विमानाच्या सांगाड्यात तीन दिवस अडकून होते, हे आपल्याला त्या पानावरून आठवते.

पानाशेजारी नकाशा हवाच. सहवैमानिकाची समजूत अशी होती, की आपण चिलीतील कुरिको हे गाव ओलांडले आहे. त्या भरवशावर विमान फार लवकर खाली आणले गेले. अपघातानंतर मरणासन्न अवस्थेत तो ‘कुरिको ओलांडले’ असेच सांगत राहिला आणि ऐकणाऱ्यांनी ते खरे मानले. त्यामुळे आपण चिलीच्या उंबरठ्यावर आहोत, पश्चिमेचा एक डोंगर ओलांडला की हिरवी दरी लागेल, असा सर्वांचा ग्रह झाला. प्रत्यक्षात ते अर्जेंटिनाच्या हद्दीत, सुमारे ३,५७० मीटर उंचीवर होते आणि पूर्वेला अंदाजे वीस किलोमीटरवर एका बंद पडलेल्या हॉटेलची इमारत उभी होती. नकाशा समोर नसलेल्या वाचकाला पश्चिमेची चढाई हा केवळ धाडसाचा प्रसंग वाटतो. नकाशा असला तर ती एका चुकीच्या माहितीवर घेतलेली, पण हातात असलेल्या माहितीनुसार अगदी शहाणपणाची निवड होती हे उमगते. ‘त्यांना त्या वेळी काय माहीत होते’ आणि ‘आपल्याला आज काय माहीत आहे’ असे दोन रकाने वहीत वेगळे ठेवावेत. ‘मी असतो तर पूर्वेला गेलो असतो’ असे म्हणणारा प्रेक्षक प्रत्येक घरात एक तरी असतो. त्याला पहिला रकाना दाखवावा.

कोण सांगतो आहे, केव्हा आणि कोणाच्या वतीने

सांगाडा तयार झाल्यावर कथन करणाऱ्याकडे वळावे. सुटकेनंतर आपण चीज आणि वनस्पतींवर दिवस काढले असे वाचलेल्यांनी सुरुवातीला सांगितले होते. काही दिवसांतच, जिवंत राहण्यासाठी त्यांना मृत सोबत्यांचे मांस खावे लागले ही गोष्ट वृत्तपत्रांतून सनसनाटी रीतीने बाहेर आली. २८ डिसेंबरला माँटेव्हिडिओ येथे, आपल्याच जुन्या शाळेत, त्यांनी पत्रकारांना एकत्रितपणे सामोरे जाऊन ती मान्य केली. या पार्श्वभूमीवर अधिकृत असे एकच पुस्तक व्हावे असे त्यांना वाटले आणि ते काम इंग्रज लेखक पिअर्स पॉल रीड यांच्याकडे गेले. त्यांचे ‘अलाइव्ह’ १९७४ मध्ये आले. घटना ताजी असताना, सर्वांशी बोलून, अलिप्त आणि थंड आवाजात लिहिलेले हे पुस्तक आहे. प्रकाशनापूर्वी हस्तलिखित वाचून वाचलेल्यांपैकी काही जण नाराज झाले होते. आम्हाला तगवून धरणारी श्रद्धा आणि मैत्री या पानांत उतरलेली नाही, असे त्यांना वाटले. रीड यांनी ही नाराजी प्रस्तावनेत स्वतःच नोंदवली आहे. प्रस्तावना वगळून थेट पहिल्या प्रकरणावर जाणाऱ्या वाचकाच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते, म्हणून सत्यकथेची प्रस्तावना आणि ऋणनिर्देश कधीही वगळू नयेत.

नांदो परादो यांचे ‘मिरॅकल इन द अँडीज’ आले २००६ साली, म्हणजे घटनेनंतर तेहतीस-चौतीस वर्षांनी. पर्वतावर त्यांनी आई आणि बहीण गमावली होती, आणि सुरुवातीचे काही दिवस ते स्वतः बेशुद्ध होते. त्यांच्या पुस्तकाचा कणा वडिलांकडे परत जाण्याची ओढ हा आहे. रॉबेर्तो कनेसा तेव्हा वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी होते आणि पुढे बालहृदयरोगतज्ज्ञ झाले; २०१६ सालच्या त्यांच्या पुस्तकात पर्वत आणि रुग्णालय या दोन्ही जागा एकमेकींत मिसळतात. पाब्लो व्हिएर्ची हे या मुलांचे शाळासोबती. त्यांनी सर्व सोळा जणांना बोलते करून, प्रत्येकाला स्वतंत्र आवाज देऊन पुस्तक लिहिले, आणि त्याच पुस्तकावरून हुआन अंतोनिओ बायोना यांचा २०२३ सालचा ‘सोसायटी ऑफ द स्नो’ हा चित्रपट झाला.

ही पुस्तके एकमेकांशी काही ठिकाणी जुळत नाहीत. कोण आधी काय म्हणाले, कोणत्या निर्णयासाठी कोणी आग्रह धरला, यांत फरक दिसतो. असा फरक दिसला की वाचक लगेच ‘यांतले खोटे कोण?’ असे विचारतो. तो प्रश्न थोडा लांबणीवर टाकावा. उपासमार, थंडी आणि प्राणवायूची कमतरता यांत स्मृती कशी वागते याचा पुरावा म्हणूनही त्या फरकाकडे पाहता येते. १९९६ सालच्या एव्हरेस्ट दुर्घटनेतील एक प्रसंग येथे आठवतो. जॉन क्रॅकॉअर हे अनुभवी पत्रकार होते. वादळाच्या संध्याकाळी अँडी हॅरिस हा मार्गदर्शक छावणीजवळ पोहोचलेला आपण पाहिला, असे त्यांनी मासिकातील पहिल्या लेखात लिहिले. नंतर त्यांना कळले की त्यांनी पाहिलेला माणूस दुसराच होता. ही चूक त्यांनी आपल्या पुस्तकात उघडपणे मान्य केली. त्याच दुर्घटनेवर गिर्यारोहण-मार्गदर्शक अनातोली बुक्रेयेव यांचे वेगळी बाजू मांडणारे पुस्तकही क्रॅकॉअर यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, १९९७ मध्ये, आले. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एकच वाचून मत बनवू नये. आणि हेही पाहावे, की १० आणि ११ मेच्या त्या वादळात गेलेल्या आठ जणांपैकी तिघे उत्तरेच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे गिर्यारोहक होते, आणि बहुतेक लोकप्रिय कथने दक्षिणेच्या बाजूचीच आहेत.

आधी चित्रपट की आधी पुस्तक

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, पण अँडीजपुरते माझे मत ठाम आहे. आधी २०२३ चा चित्रपट पाहावा, मग परादो यांचे पुस्तक वाचावे आणि शेवटी रीड यांचे. चित्रपट आधी पाहण्याचे कारण असे, की मृतांची नावे आणि वये तो पडद्यावर दाखवतो; त्यामुळे पुढे पुस्तकांत येणारी नावे परकी राहत नाहीत. चित्रपट मूळ स्पॅनिश भाषेत, उपशीर्षकांसह पाहावा. अभिनेते उरुग्वे आणि अर्जेंटिनाचे आहेत, आणि त्या प्रदेशाची बोली, मुलांची एकमेकांना हाक मारण्याची पद्धत, प्रार्थनेचा सूर, हे सारे भाषांतरित संवादांत हरवते. १९९३ साली याच घटनेवर हॉलिवूडने इंग्रजीत काढलेला चित्रपट नंतर पाहिला तर तीस वर्षांत बदललेल्या दृष्टीतला फरक चांगला कळतो. तो आधी पाहिला तर मात्र अमेरिकी चेहरे मनात घर करून बसतात आणि पुढे पुसता पुसत नाहीत. बायोना यांच्या चित्रपटात रेडिओवरून वाचलेल्यांची यादी वाचून दाखवणारे गृहस्थ लक्ष देऊन पाहावेत. ती भूमिका कार्लितोस पाएस यांनी केली आहे. ते स्वतः त्या सोळांपैकी एक आणि भूमिका त्यांच्या वडिलांची. म्हणजे पडद्यावर वडील होऊन ते आपलेच नाव जिवंतांच्या यादीत वाचतात.

कामे मोजावीत

या कथा वाचण्याच्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग हा आहे. भावनेच्या वाक्यांखाली रेघ मारण्याऐवजी कामांच्या वाक्यांखाली रेघ मारावी. कोणी काय केले, कशापासून केले, किती वेळ लागला, ते जमले की फसले.

अँडीजच्या कथेत अशा रेघा पानोपानी पडतात. बर्फात पाण्याला तोटा नाही असे आपल्याला वाटते, पण बर्फ तोंडात विरघळवून तहान भागत नाही आणि तोंड सोलून निघते. फितो स्ट्राउख या तरुणाने आसनांच्या पाठीचे ॲल्युमिनियमचे पत्रे उन्हात वाकवून ठेवले आणि त्यांवर वितळलेले पाणी बाटल्यांत धरले. वैमानिकांच्या कक्षातील ऊन अडवणाऱ्या रंगीत पट्ट्यांचे चष्मे झाले, कारण बर्फावरचे ऊन डोळे जाळते. आसनांच्या गाद्या पायांना बांधून भुसभुशीत बर्फात चालण्याची सोय झाली. विमानाची शेपटी सापडली तेव्हा त्यांतल्या बॅटऱ्यांवर रेडिओ चालवण्याचा प्रयत्न काही दिवस चालला, आणि तो फसला. चित्रपटांत हा भाग आखडता घेतला जातो, कारण फसलेले काम पडद्यावर रेंगाळते. वाचकाने मात्र तेथेच थांबावे. त्याच शेपटीतील उष्णतारोधक कापड शिवून तिघांना मावेल अशी झोपायची पिशवी तयार झाली, आणि त्या पिशवीमुळेच उघड्यावर रात्र काढणे शक्य झाले. रेडिओ फसला नसता तर कदाचित पिशवी शिवलीही गेली नसती, हा माझा तर्क आहे, पुस्तकांतला दावा नाही. असे आपले तर्क वहीत वेगळ्या शाईने लिहावेत.

१२ डिसेंबरला परादो, कनेसा आणि अंतोनिओ व्हिसिन्तिन निघाले. शिखरावर पोहोचल्यावर समोर हिरवी दरी नव्हती. क्षितिजापर्यंत डोंगरच होते. शिधा पुरावा म्हणून व्हिसिन्तिन परत फिरले आणि उरलेले दोघे पुढे चालत राहिले. सुमारे दहा दिवसांच्या चालीनंतर नदीच्या पलीकडे सर्जिओ कातालान हा गुरे-खेचरे राखणारा माणूस दिसला. पाण्याच्या आवाजामुळे बोलणे ऐकू जाईना, तेव्हा त्याने कागद आणि पेन्सिल दगडाला बांधून पलीकडे फेकली. परादोने लिहिलेल्या चिठ्ठीची सुरुवात अशी होती: ‘मी डोंगरात कोसळलेल्या विमानातून आलो आहे. मी उरुग्वेचा आहे.’ दया भाकणारे एकही वाक्य आधी नाही. आधी कोठून आलो ते, मग कोण ते, आणि मग वर अडकलेल्या माणसांविषयी. कातालान घोड्यावरून कित्येक तासांची वाट तुडवून पोलीस चौकीपर्यंत गेला. त्याचे काम सहसा एका परिच्छेदात उरकतात. त्याच्याखाली दुहेरी रेघ मारावी.

या रेघा मारून झाल्यावर पुस्तक पुन्हा चाळले, की ‘जिद्द’ हा शब्द किती कमी वेळा लागतो हे ध्यानात येते. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द इतका वापरला आहे, की दहावीच्या निकालापासून हिमालयापर्यंत सगळीकडे तो एकाच मापाने लावला जातो. तगून राहिलेल्या माणसांत जिद्द नसते असे मुळीच नाही. पण ती कोणत्या कामात उतरली ते सांगता आले नाही, तर तो शब्द न वापरलेला बरा.

जे परतले नाहीत त्यांच्या बाजूने

सत्यकथा सांगायला जिवंत माणूस लागतो, म्हणून ती स्वभावतःच वाचलेल्याच्या बाजूला झुकते. तो तोल सावरण्याची जबाबदारी वाचकावर येते. अँडीजमध्ये जे गेले ते कमी धैर्यवान नव्हते. कोणी कोणत्या आसनावर बसले होते, कोणाची झोपण्याची जागा हिमस्खलनाच्या रात्री कोठे होती, यावर बरेच काही ठरले. बायोना यांनी चित्रपटाचा निवेदक म्हणून नुमा तुर्कात्ती याला निवडले. तो ११ डिसेंबरला, म्हणजे तिघे निघण्याच्या आदल्या दिवशी, गेला. डोंगरावर मरण पावलेला तो शेवटचा. चित्रपट पाहताना निवेदकाचा आवाज कोणाचा आहे याकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवावे.

मांस खाण्याच्या प्रसंगाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. ही कथा म्हणजे फक्त तेवढाच प्रसंग, असे समजून वाचणारे आणि तो प्रसंग आला की पाने उलटणारे, दोघेही कथेला अन्याय करतात. ‘मी गेलो तर माझ्या शरीराचा उपयोग करा’ असे त्यांनी एकमेकांना सांगून ठेवले होते. निर्णयाआधीची चर्चा, ज्यांना ते जमेना त्यांचा नकार आणि त्या संमतीचे शब्द, हा सारा भाग सावकाश वाचावा.

झुकलेला तोल कसा दिसतो याचे दुसरे उदाहरण अंटार्क्टिकातील आहे. अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज बर्फात अडकून २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले, आणि त्यावरील २८ जण अखेर जिवंत परतले; एलिफंट बेटावर मागे राहिलेल्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली. ‘एकही माणूस गमावला नाही’ असे या मोहिमेविषयी व्यवस्थापनाच्या पुस्तकांतसुद्धा लिहिलेले आढळते. हे वाक्य त्या एका जहाजापुरतेच खरे आहे. याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे, शॅकल्टनसाठी शिधा पेरून ठेवण्याचे काम करत होती. त्या तुकडीतील तिघे मेले. मदत आणायला गेलेली होडी ज्या सुताराने समुद्रप्रवासासाठी तयार केली, त्या हॅरी मॅकनिशला ध्रुवीय पदक नाकारण्यात आले. छायाचित्रेही नेहमी प्रामाणिक नसतात. मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांचे बेटावरील सुटकेचे म्हणून दाखवले जाणारे प्रसिद्ध चित्र मुळात होडी मदत आणायला निघाली त्या वेळच्या छायाचित्रावरून बनवलेले आहे. किनाऱ्यावरची माणसे हात हलवत आहेत ती निरोप देण्यासाठी.

‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे नेमके किती

चित्रपटाच्या आरंभी येणारी पाटी शब्दशः वाचावी. ‘आधारित’ आणि ‘प्रेरित’ यांत बरेच अंतर आहे. ‘प्रेरित’ म्हटले की दोन-तीन खऱ्या माणसांचे मिळून एक पात्र करण्याची मुभा दिग्दर्शकाने घेतलेली असते. त्यात गैर काही नाही, पण प्रेक्षकाला ते ठाऊक असावे. ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक २००३ साली अमेरिकेतील यूटा राज्यात एका घळीत दगडाखाली हात अडकून १२७ तास होता. त्यावरील २०१० सालच्या चित्रपटात, ज्याला ए. आर. रहमान यांचे संगीत आहे, सुरुवातीला तो दोन मुलींबरोबर भूमिगत डोहात उड्या मारताना दिसतो. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. त्याने त्यांना चढाईच्या काही साध्या युक्त्या दाखवल्या होत्या, एवढेच. असे सजवलेले प्रसंग बहुधा कथेच्या सुरुवातीला आणि शेवटी सापडतात, म्हणून शंका तेथे अधिक घ्यावी.

काही वेळा शंका संपूर्ण कथेवरच घ्यावी लागते. स्वावोमिर राविच यांचे ‘द लाँग वॉक’ हे १९५६ सालचे पुस्तक लाखो लोकांनी वाचले. सैबेरियातील छावणीतून पळून, मंगोलिया, गोबीचे वाळवंट आणि हिमालय ओलांडून भारतात पायी पोहोचल्याची ती कथा आहे. तीत हिमालयात दोन यती दिसल्याचेही वर्णन आहे, आणि सावध वाचकाला तेथेच खटकायला हवे होते. २००६ मध्ये बीबीसीने सोव्हिएत कागदपत्रे शोधून काढली. त्यांनुसार राविच यांना १९४२ मध्ये माफी मिळून रीतसर सोडण्यात आले होते. तरीही २०१० मध्ये त्या पुस्तकावर चित्रपट निघालाच. अशा पुस्तकात कोणत्या खुणा पाहाव्यात? सोबत्यांची आडनावे नसणे, तारखा धूसर असणे, दुसरा साक्षीदार पुढे न येणे आणि प्रत्येक संकट आधीच्यापेक्षा नेमके थोडे मोठे असणे. खऱ्या संकटांचा क्रम इतका नीटनेटका नसतो.

सुटकेनंतरची पाने

बहुतेक चित्रपट हेलिकॉप्टरच्या आवाजावर संपतात. पुस्तक निवडताना मात्र सुटकेनंतरच्या काळाला किती पाने दिली आहेत ते अनुक्रमणिकेत पाहावे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. त्यांच्यावरील २०२४ सालचा ‘चंदू चॅम्पियन’ पाहताना गोळ्या आणि पदक यांमधली सात वर्षे, तसेच पदक आणि पद्मश्री यांमधली सेहेचाळीस वर्षे, अशा दोन्ही अंतरांवर लक्ष ठेवावे. दुसरे अंतर पडद्यावर मावत नाही, पण तगणे म्हणजे काय याचा मोठा भाग त्यातच आहे.

घरात, मुलांसमवेत आणि आपल्या गावात

कुटुंबासह पाहायचे असल्यास चित्रपट मोठ्यांनी आधी एकट्याने पाहावा. अँडीजवरील २०२३ चा चित्रपट लहान मुलांसाठी नाही. विमान तुटण्याचे दृश्यच त्यांना पुरेसे आहे. कुमारवयीन मुले असतील तर मध्ये थांबण्याची मोकळीक ठेवावी, आणि संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी ‘पाणी कसे मिळवले ते तुला समजले का?’ असे विचारावे. मुले नकाशा आणि पत्र्यांपासून सुरुवात करून हळूहळू मरणाविषयी आपणहून बोलू लागतात. ज्यांच्या घरी अलीकडे कोणी अपघातात गेले आहे, त्यांना अशा कथा ‘धीर येईल’ म्हणून भेट देऊ नयेत; त्यांनी मागितल्या तर द्याव्यात.

हीच पद्धत आपल्या भागातील घटनांनाही लावता येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची आठवण असलेले लोक आज म्हातारे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपातून वाचलेले कित्येक जण मध्यमवयीन आहेत. त्यांच्याशी बोलण्याची संधी मिळाली तर आधी सांगाड्याचे पान तयार करून जावे. ‘तुम्हाला काय वाटले?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते. ‘त्या दिवशी पहिले पाणी कोठे प्यालात, पहिली रात्र कोठे काढलीत, अंगावर कपडे कोणाचे होते, घरातले आधी कोण सापडले?’ असे विचारावे. उत्तर देताना आजी किंवा मामा थांबले तर वाक्य पूर्ण करून देऊ नये, आणि त्यांना पुढे सांगायचे नसेल तर वही मिटावी. घरातल्या दोघांनी एकच रात्र दोन प्रकारे सांगितली तर दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या पानांवर, सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख घालून लिहाव्यात. त्यांची मिळून एक सुबक गोष्ट करू नये.